विसावा खांब

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं आणि पुढचे पाच आठवडे आमच्या घरातला वेळ थेंबांवर चालला. दोन बाटल्या होत्या, एक पांढऱ्या झाकणाची आणि एक गुलाबी. पांढरीतला थेंब घातला की दहा मिनिटं थांबायचं, मग गुलाबीतला. लगोलग घातले तर दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो म्हणे. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. मी घरून काम करते, त्यामुळे थेंबांचं खातं माझ्याकडे आलं. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं मी त्यांच्या पलंगापाशी स्टुलावर बसून असायचे. त्या डोळे मिटून, मी फोन काढून.

तिसऱ्या दिवशी त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "अगं, ते बोटाने काय सरकवत बसतेस मघापासून? हाताला काहीतरी काम दे."

हाताला काम नसणं ही खरं तर त्यांची अडचण होती. वय चौऱ्याहत्तर, आणि स्वयंपाकघरात जायला बंदी. फोडणीचा धूर नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. टीव्ही मात्र लांबून इतका लख्ख दिसायला लागला होता की मालिकेतल्या सासूच्या साडीचा काठ निळा नसून मोरपंखी आहे, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. जवळचं मात्र सगळं धूसर. जवळचा नंबर डोळा पुरता बरा झाल्यावर, महिन्या-सव्वा महिन्याने काढून मिळणार होता. तोवर पेपर नाही, पोथी नाही आणि क्रोशा नाही. उशाशी कापडी पिशवीत दाराचं तोरण अर्धवट पडलं होतं. पांढरा दोरा आणि काडीइतकी बारीक स्टीलची सुई. त्या पिशवीत हात घालायच्या, चाचपायच्या आणि परत ठेवून द्यायच्या.

"तू कर," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

"आई, मी डावरी आहे."

हे माझं ठेवणीतलं उत्तर. मी नऊ-दहा वर्षांची असताना माझ्या आईने उन्हाळ्याच्या सुट्टीत मला क्रोशा शिकवायचा प्रयत्न केला होता. मला शेजारी बसवून, माझ्या हातावर हात ठेवून. तिचा दोरा डाव्या हातात, माझा उजव्या. ती उजवीकडून डावीकडे निघायची आणि मी नेमकी उलटी. तीन दुपारी आमची झटापट झाली आणि चौथ्या दुपारी आईने "राहू दे, डाव्या हाताचं लचांड आहे हे" म्हणून सुई काढून घेतली. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. मी सायकल घेऊन पळाले असणार. पण तेव्हापासून विणकाम, भरतकाम, काजं-बटणं, जे म्हणून बायकांच्या गळ्यात येतं ते सगळं मी या एका वाक्यावर परतवत आले होते. डावरी असण्याचा इतका फायदा मी दुसरा कुठलाच करून घेतलेला नाही.

सासूबाईंवर त्या वाक्याचा काही परिणाम झाला नाही. "मग शेजारी कशाला बसायचं? समोर बस."

एवढंच होतं ते. समोरासमोर बसलं की त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर येतो आणि मला फक्त आरशात बघितल्यासारखं करत जायचं असतं. पस्तीस वर्षं मी ज्याला अपंगत्व म्हणून मिरवत होते, ते स्टूल दोन फूट सरकवल्यावर संपलं. आईला हे सुचलं कसं नाही, असं वाटून गेलं. पण मलाही कुठे सुचलं होतं?

रविवारी मी रविवार पेठेत, बोहरी आळीत गेले. लेस, मणी, टिकल्या, लोकर, जरीची फुलं असलं सगळं तिथे गल्लीभर लटकत असतं आणि पावसाळ्यात त्यावर निळं प्लास्टिक ओढलेलं असतं. मी चार मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सुई घेतली आणि स्वतःच्या आवडीने गर्द जांभळ्या, जवळजवळ काळ्या लोकरीचा गुंडा घेतला. मऊ, लव असलेली, गालाला लावावीशी वाटणारी. सासूबाईंनी तो गुंडा नुसता बोटांत फिरवला आणि बाजूला ठेवला.

"टाके दिसायचे नाहीत, आणि या केसाळ लोकरीत हाताला लागायचेही नाहीत. शिकायला साधी, गुळगुळीत आणि फिकी लोकर लागते."

शेवटी शेजारच्या काकूंकडून त्यांच्या नातवाच्या टोपड्याची उरलेली लिंबू रंगाची लोकर आली. माझी जांभळी लोकर अजून कपाटात आहे. नवशिक्याच्या सामानात निम्मं असं असतंच.

पहिला धडा सरकत्या गाठीचा आणि साखळीचा. सुईवर एक फास असतो, त्यातून दोरा ओढायचा की दुसरा फास तयार, त्यातून परत. लहानपणी आम्ही बोटांवर सुतळीची असली साखळी करायचो. त्यामुळे मला वाटलं, हे तर येतंच. पंधरा साखळ्या झाल्या आणि माझी साखळी पावसात फुटपाथवर आलेल्या गांडुळासारखी वळली. सोळाव्यात सुईच शिरेना.

सासूबाईंनी ती अंगठ्याखाली धरली. डोळे मिटलेलेच. "गळा आवळतेस तू प्रत्येकीचा. करंगळीभोवती दोरा एकदा गुंडाळ. ओढायचं काम करंगळीचं नाही, तिने फक्त सोडायचा. कळलं?"

नाही कळलं. दोन दिवस कळलं नाही. मी सुई उलथन्यासारखी मुठीत धरत होते आणि दोरा धरायच्या हाताची तर्जनी ताठ करून ठेवत होते, जणू कुणाला तरी दरडावतेय. रात्री ते बोट दुखायचं. मग कधीतरी, बहुतेक बुधवारी दुपारी बाराच्या थेंबांना, माझं लक्ष खाली वाजणाऱ्या भंगारवाल्याकडे गेलं आणि परत आलं तेव्हा सुईवर सात-आठ सारख्या साखळ्या आयत्या होत्या. लक्ष दिलं की परत आवळायच्या. हा प्रकार मला जरा अपमानास्पदच वाटला.

आमचं ठरलेलं काम अगदी साधं होतं. अर्ध्या वितीचा एक चौकोन, सगळा मुक्या खांबांचा. क्रोशात खांब म्हणजे उभा टाका. नुसता 'खांब' घालायचा तर आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा लागतो आणि मग तो दोन टप्प्यांत सोडवतात, म्हणून तो उंच होतो. मुक्या खांबाला वेढा नाही. सुई आत घालायची, दोरा ओढून आणायचा की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर. झालं. बुटका, घट्ट, जाळी न सोडणारा टाका. मुका का म्हणतात असं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्याचं काही दिसतं का? खांबाचं डिझाइन होतं, याचं नुसतं कापड होतं. गुपचूप बसतो बापडा." शब्दकोशात याला आधार सापडणार नाही, पण मला पटलं.

त्यांची ही नावं किती सोयीची आहेत ते मला थेंबांच्या मधल्या वेळात व्हिडिओ बघायला लागल्यावर कळलं. अमेरिकन बाई ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणते त्यालाच ब्रिटिश बाई 'डबल क्रोशे' म्हणते. आणि अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. टाका तोच, सुई तीच, नाव एक घर पुढे सरकलेलं. एका व्हिडिओवरून पहिली ओळ आणि दुसऱ्यावरून दुसरी असं केलं, तर एकाच तुकड्यात बुटकी आणि उंच माणसं एका रांगेत उभी केल्यासारखं दिसतं. मी ते करून बघितलेलं आहे. मुका खांब म्हटलं की असला घोटाळा नाही. मी फोन ठेवून दिला.

एकवीस साखळ्या घालायच्या, सुईपासूनची पहिली सोडायची आणि उरलेल्या विसांत वीस मुके खांब. मग एक साखळी घालून तुकडा उलटायचा आणि परत वीस. सुई घालायची ती ओळीच्या माथ्यावर जी बारीक वेणी दिसते तिच्या दोन्ही पेडांखालून. एकाच पेडाखालून घातली तर कापडात धारी उमटतात. वेणीचे पेड हा शब्द सासूबाईंचा, आणि तो कानावर पडल्याबरोबर मला ती वेणी दिसली. तोवर तो सगळा लिंबू रंगाचा गुंता होता.

पहिल्या ओळीत वीस आले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी मोजलं, "अठरा, एकोणीस."

"आणि विसावा?"

"विसावा नाहीये, आई."

"नसेल कसा? खालच्या ओळीत वीस आहेत ना? मग वरच्याला बसायला जागा आहे."

मला जागा दिसत नव्हती. ओळीच्या टोकाला पोचलं की कड गोल वळलेली असायची, शेवटचा टाका मान वाकडी करून मागे लपलेला असायचा आणि मला वाटायचं, संपलं. तिसऱ्या ओळीत अठरा. चौथीत सतरा, कारण आता मी घाईतही होते. रात्री जेवताना मी नवऱ्याला वैतागून म्हणाले, "मला विसावा सापडत नाहीये." त्याने वाटीतली आमटी संपवली, जरा विचार केला आणि प्रेमाने म्हणाला, "मग दोन दिवस रजा टाक ना." सासूबाईंना इतकं हसू आलं की मला त्यांच्या डोळ्याची काळजी वाटायला लागली.

दहा ओळींनंतर माझा चौकोन खाली रुंद आणि वर निमुळता झाला होता. लेक नववीत आहे. तिने निर्विकारपणे 'ट्रॅपेझियम' म्हणून निकाल दिला. सासूबाईंनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "परकराची कळी झालीय ही. अशा बारा कर, परकर शिवू."

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. टोकाला पोचल्यावर जिथे म्हणून भोक दिसेल तिथे सुई घालायची, म्हणजे काही सुटणार नाही. त्या भोकांत उलटताना घातलेली ती एकटी साखळीही आली. मुक्या खांबांत ती टाक्यात धरत नाहीत, ती फक्त वरच्या ओळीपर्यंत उंची गाठायची पायरी असते. तिच्यात टाका घातला की एक खांब जास्तीचा. एकवीस, बावीस, तेवीस. या वेळी सूप झालं. मागे अरुंद आणि पुढे तोंड पसरलेलं.

मग सासूबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. ती पिन त्यांच्या हातात मी लग्न झाल्यापासून बघतेय. साडीचा पदर, पिशवीचा बंद, नातीच्या शाळेच्या स्कर्टचं हूक, या सगळ्यावर ती एकच दवा आहे. त्यांनी मी नव्याने घातलेला तुकडा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख वेणीवरून हळूहळू सरकवत नेलं. प्रत्येक खांबावर नख किंचित अडत होतं आणि त्या ओठांत मोजत होत्या. ओळीतल्या पहिल्या मुक्या खांबाच्या माथ्यात त्यांनी पिन घातली आणि बंद केली.

"ओळीचा पहिला खांब घातलास की लगेच त्याला पिन लाव. पुढची ओळ परत येताना तिथेच संपणार. पिन लागली की तो तुझा विसावा. त्याच्या आधी थांबायचं नाही आणि पुढे जायचं नाही."

पुढच्या ओळीत मी एकोणीसवर आले, नेहमीसारखं वाटलं की संपलं, आणि समोर पिन होती. तिच्या वाकड्या दांडीने त्या लपलेल्या टाक्याची मान वर धरून ठेवली होती. दोन पेड स्वच्छ दिसत होते. मी सुई घातली. वीस.

मी कामात सरकारी वाटाव्या अशा तक्त्यांमध्ये बुडालेली असते आणि बेरीज चुकली की संध्याकाळपर्यंत अस्वस्थ असते. पण वीसपर्यंत मोजून असा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कळी आणि सूप दोन्ही उसवले, अर्थात. उसवण्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण क्रोशा मला आवडला तो तिथे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतली सगळी घरं एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की सगळ्यांचाच जीव टांगणीला, आणि एक घर गळलं की ते शिडीसारखं खालपर्यंत उसवत जातं. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. बाकी सगळे आपापल्या जागी बंद झालेले. सुई काढून ठेवा, दार उघडायला जा, कुकर बंद करा, दोन दिवसांनी परत या, त्या एका फासापुरतंच काय ते सांभाळायचं. आणि उसवायचं ठरलं तर त्याच फासातून दोरा ओढायचा. दहा ओळी पाऊण मिनिटात. टर्र टर्र असा बारीक आवाज येतो आणि दोरा शेवयांसारखा नागमोडी होऊन मांडीत पडतो. रागाने ओढला तर मध्येच गाठ बसते. मला दोनदा बसली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी दोरा माझ्या हातातून घेतला आणि चहात बिस्किट बुडवावं तितक्या सावकाश ओढत स्वतः गुंडा केला.

त्याच दिवसांत कधीतरी मी त्यांना तोरणाबद्दल विचारलं. आमच्या दाराचं, नणंदेच्या दाराचं, नणंदेच्या सासरच्या दोन दारांचं, गावच्या देवळातल्या गाभाऱ्याचं, टीव्हीवरचा रुमाल, ताटावरचे रुमाल, फ्रिजच्या हँडलचं ते विचित्र पायमोज्यासारखं कव्हर. हे सगळं केव्हा केलंत?

"फावल्या वेळात," त्या म्हणाल्या.

मी हिशेब मांडला. त्या पहाटे पाचला उठायच्या, घरात सहा माणसं होती, नळाला पाणी दोन तास यायचं आणि त्या दुपारी शिवणाचे क्लास घ्यायच्या. फावला वेळ कुठला? थोडं खोदल्यावर कळलं की तो भात शिजेपर्यंतचा, दळणाच्या रांगेतला आणि रात्री सगळे झोपल्यावरचा असायचा. झोपेतून कापून काढलेल्या तासांना त्या फावला वेळ म्हणत होत्या. तोरणं त्यांनी ऑर्डरीनेही करून दिली, पण पैसे दोऱ्याचे सांगायच्या आणि वर 'जे द्यायचं ते द्या'. बायका द्यायच्याही तसंच, जे द्यायचं ते.

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि ती आजही तिथून परदेशात जाते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते हेच, की हजारो बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणीच म्हणत नव्हतं. त्या घरबसल्या फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी ठरल्या, म्हणून मजुरी अगदी नगण्य. माल निर्यात करणारे पुरुष मात्र व्यापारी ठरले.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी चौकोन करायला बसेपर्यंत मला ठाऊक नव्हती. विणकामाची यंत्रं कधीपासून आहेत, पण खरा क्रोशा करणारं यंत्र बाजारात नाही. क्रोशासारखी दिसणारी लेस यंत्रावर निघते, तिची रचना वेगळी असते. प्रत्येक टाक्याला सुई आधीच्या कापडात नेमक्या जागी शोधून घालावी लागते आणि ते अजून हातच करतात. म्हणजे मॉलमध्ये क्रोशाचा खराखुरा टॉप स्वस्तात लावलेला दिसला, तर तो कुणीतरी कुठेतरी बसून टाका-टाका मोजत केलेला असतो. मागच्या वर्षी मी असा एक घेतला होता, सेलमध्ये. घरी येऊन उलटा करून बघितला. खालच्या घेरातच पाचशेच्या आसपास मुके खांब भरले. पुढे मोजलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मला मधूनच अवदसा आठवली. साधा चौकोन पुरा व्हायच्या आत मी 'ग्रॅनी स्क्वेअर'च्या मागे लागले. तोच तो, मधून सुरू होऊन बाहेर वाढत जाणारा, तीन-तीन खांबांच्या झुपक्यांचा आणि प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाचा. त्याचे कोपरे चार, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन झुपके. मी सुरुवातीच्या कड्यात चाराऐवजी पाच झुपके घातले आणि लक्षातही आलं नाही. तीन फेऱ्यांनंतर तो तुकडा टेबलावर बसेना. एक बाजू दाबली की दुसरी उठायची.

"वाळत घातलेला पापड असाच वाकडा होतो," सासूबाई बोटांनी चाचपत म्हणाल्या.

लेकीने मात्र पहिल्यांदाच माझ्या विणकामात रस घेतला. तिने कोपरे मोजले. मध्याभोवती चार काटकोन बसतात, तीनशे साठ अंश. मी पाच बसवले, चारशे पन्नास. एवढे अंश सपाट टेबलावर मावणार कुठे? म्हणून ते वर-खाली वळतात. आणि तीनच कोपरे घातले असते तर वाटी झाली असती. तिने लगेच करून बघायला लावलं आणि खरंच वाटी झाली.

कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना टायमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हीच चूक मुद्दाम, शिस्तीने केली होती. ज्या भूमितीत एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून कितीतरी समांतर रेषा जातात, तिचा पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात देता येईना. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली मॉडेलं फाटायची. त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेल्या. कोबीच्या पानासारखा, प्रवाळासारखा चुण्यांचा तुकडा झाला. धुतला, चुरगळला तरी शाबूत. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी मोजून केलं, आई. तू चुकून केलंस." खरं आहे.

नुसत्या चौकोनांचं काय होऊ शकतं हेही त्याच सुमारास वाचलं. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' नावाच्या गटाने ठिकठिकाणच्या बायकांचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि गिनेसचा विक्रम नोंदवला. हॉकीची दोन मैदानं झाकून वर उरेल इतकं. मला त्यात कौतुक वाटलं ते जोडणाऱ्यांचं. एवढ्या हातांच्या कळ्या आणि सुपं त्यांनी एकमेकांना भिडवली कशी असतील?

माझा स्वतःचा चौकोन चौथ्या आठवड्यात वीस ओळींचा झाला. वीस खांब, वीस ओळी, मी जाहीर केलं की झाला. सासूबाईंनी तो हातात घेतला, एक कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर नेला, आपण रुमालाचा त्रिकोण करतो तसा. वरती एक पट्टी उरली, बोटभर. माझा चौकोन आडवा होता. मुका खांब जेवढा रुंद असतो तेवढा उंच नसतो, म्हणून ओळी जास्त लागतात. त्या म्हणाल्या, "ओळी मोजू नकोस. दुमडून बघत जा. कड कडेला लागली की थांब." एकविसावी, बाविसावी, प्रत्येक ओळीला दुमडून बघणं. तेविसाव्या ओळीला कोपरे जुळले. दोरा कापला, शेवटच्या फासातून ओढून घेतला, शेपटी मोठ्या नाकाच्या सुईने टाक्यांत लपवली.

चौकोन साडेअकरा सेंटिमीटरचा आहे. डाव्या बाजूला, सहाव्या-सातव्या ओळीपाशी, एक फुगवटा आहे जो मी उसवायचा आळस केला. त्यावर गरम भांडं ठेवता येत नाही, कारण लोकर अॅक्रिलिकची आहे, वितळेल. पेल्याखाली ठेवावा तर पेल्याला मोठा. त्या दिवसांत तो सासूबाईंच्या उशाशी, थेंबांच्या दोन बाटल्यांखाली असायचा.

जुलैच्या शेवटी त्यांना जवळचा चष्मा मिळाला. घरी आल्याबरोबर त्यांनी बाटल्या उचलून बाजूला ठेवल्या आणि चौकोन खिडकीत नेला. आडवा धरला, उभा धरला, उलटा केला. मी समोर स्टुलावर, दहावीच्या निकालाला बसल्यासारखी. नखाने नाही, या वेळी त्या डोळ्यांनी मोजत होत्या. सातव्या ओळीवर थांबल्या.

"हे काय गं इथे?"

"एक जास्तीचा गेलाय."

"मला हाताला कसा नाही लागला?" त्यांनी नखाने परत बघितलं, चष्मा काढून, मग चष्मा लावून. माझ्या चुकीपेक्षा त्यांना याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं. मग माझ्या सुईच्या पिशवीतून त्यांनी आपली सेफ्टी पिन हुडकून काढली, बांगडीत अडकवली आणि स्वतःची पिशवी ओढून तोरण बाहेर काढलं. पांढरा दोरा करंगळीभोवती गेला, स्टीलची सुई चालायला लागली. मी बघत बसले. इतक्या भरभर चालते ती, की खांब केव्हा झाला ते कळत नाही.

दोन ओळी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"अगं, जरा बाजूला सरक. उजेड अडतोय."